भीमाशंकरचा दगड आणि जगाची मोजपट्टी

आमच्या राजगुरुनगरला अजून निम्मे लोक खेडच म्हणतात. एसटीच्या पाटीवर राजगुरुनगर, सातबाऱ्यावर तालुका खेड आणि आजीच्या पिढीच्या तोंडी तर फक्त खेड. नावांची ही गंमत इथे वाढलेल्या माणसाला नवी नाही. पण गेल्या काही वर्षांत आमच्या तालुक्यातलं आणखी एक नाव मला भलत्याच ठिकाणी भेटायला लागलं. अमेरिकेतल्या शोधनिबंधांत, जर्मनीतल्या एका विद्यापीठाने सांभाळलेल्या आकड्यांच्या कोठारात, देशोदेशीच्या शास्त्रज्ञांच्या वादावादीत. ते नाव म्हणजे भीमाशंकर.

त्यांच्या भीमाशंकरचा ज्योतिर्लिंगाशी संबंध नाही. ते ज्याला 'भीमाशंकर फॉर्मेशन' म्हणतात तो सह्याद्रीतल्या लाव्हाच्या थरांचा एक गट आहे. मराठीत शैलसमूह म्हणू. जाडी साधारण १४० मीटर, वय साडेसहा कोटी वर्षांहून थोडं जास्त. (भीमाशंकर खेडचं की आंबेगावचं, हा वाद मी इथे काढत नाही. देऊळ खेड तालुक्यात, गाडीरस्ता आंबेगावातून, एवढ्यावर मिटवून टाकू.) आपली भीमा त्याच डोंगरातून निघते आणि खेडला येते.

भूगर्भशास्त्र शिकणाऱ्या भाच्यामुळे मी या विषयात ओढला गेलो, आणि मग सुटलोच नाही. कारण माझी पोटापाण्याची नोकरी चाकण एमआयडीसीत, क्वालिटी विभागात. दिवसभर मोजायचं, लिहायचं आणि समोरच्याला पटवायचं. वाचता वाचता लक्षात आलं की या दगडांची गोष्ट मोठ्या प्रमाणात मोजमापाचीच आहे. कोणी काय मोजलं, कशाने मोजलं, आणि मोजलेलं दुसऱ्याच्या हातात दिलं की नाही.

सुरुवात सायक्सपासून करायला हवी. ट्रेकर मंडळींना कर्नल विल्यम हेन्री सायक्स माहीत असतो तो हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरच्या इंद्रवज्रामुळे. 'सायक्सने १८३५ साली इंद्रवज्र पाहिलं' असं सगळीकडे छापलेलं असतं. खरं तर १८३५ हे ती हकिकत लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आल्याचं साल. गडी त्याआधीच मायदेशी परतला होता. १८२४ ते १८३१ या काळात तो मुंबई सरकारचा 'स्टॅटिस्टिकल रिपोर्टर' म्हणून दख्खनभर फिरला. पाऊस, पिकं, पक्षी, मासे, जमिनीचे हक्क, जे दिसेल ते नोंदवत गेला. १८३३ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने त्याचा दख्खनच्या खडकांवरचा निबंध छापला. आपल्या डोंगरांचे आडवे थर आणि त्यांच्या पायऱ्या जगापुढे नीट मांडणाऱ्यांत त्याचा नंबर फार वरचा. 'डेक्कन ट्रॅप' मधला 'ट्रॅप' हा शब्दही स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरूनच आला आहे. राजमाची, शिवनेरी, कुठलाही गड लांबून पाहा, जिना दिसतोच.

सायक्सने बॅरोमीटरची रीडिंगं नोंदली आणि छापली. हे मला फार आवडतं. नाहीतर त्या काळचे कितीतरी साहेब 'डोंगर अतिशय उंच आहे' एवढ्यावर खूश असत.

पुढे १८५१ साली जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया स्थापन झाला. ब्लॅनफर्डने १८६० च्या दशकात पश्चिम आणि मध्य भारतातल्या ट्रॅपचा अभ्यास केला. हा लाव्हा आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे हे हळूहळू कळत गेलं. पण एक अडचण शंभर वर्षं जशीच्या तशी राहिली. सगळा दगड काळा! नाशकात काळा, खेडला काळा, साताऱ्यात काळा. एका डोंगरातला थर पुढच्या डोंगरातल्या कुठल्या थराशी जुळतो हे नुसत्या डोळ्यांना सांगता येईना. थरांना ओळख नसेल तर कुठला आधीचा, कुठला नंतरचा, हे तरी कसं ठरवणार?

मधे एक सुंदर प्रकरण येऊन गेलं. लाव्हा थंड होताना त्यातले लोहखनिजाचे बारीक कण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून बसतात. म्हणजे दगडाच्या पोटात एक गोठलेली होकायंत्राची सुई असते. लंडनच्या इम्पिरिअल कॉलेजात नोबेल विजेते ब्लॅकेट यांच्या गटाने या सुया वाचायचं काम हाती घेतलं होतं. क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनचे दगड तपासले आणि १९५६ साली निष्कर्ष छापला. हे दगड थिजले तेव्हा भारत दक्षिण गोलार्धात होता! त्या वेळी खंडं सरकतात हे म्हणणाऱ्याला भले भले शास्त्रज्ञ हसत असत. मुंबईच्या टीआयएफआरमध्येही हे काम सुरू झालं, आणि १९५९ च्या निबंधावर डॉइच यांच्याबरोबर राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे ही नावं आहेत. आपल्याकडे 'सहकार्य' हा शब्द समारंभात फार वापरतात. इथे ते साधंसुधं होतं. दगड सह्याद्रीचा, यंत्र लंडनचं, पुढे यंत्रही मुंबईचं.

पण थरांना नावं मिळाली ती १९८० च्या दशकात. मुंबईच्या आयआयटीतले के. व्ही. सुब्बाराव, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतले पीटर हूपर, ऑक्सफर्डचे कीथ कॉक्स आणि त्यांचे सहकारी, विद्यार्थी घाटाघाटांतून चढत गेले. रस्त्याच्या कडेने, खालून वर, थरामागून थर, नमुने फोडत. मग त्या नमुन्यांचं रासायनिक पृथक्करण. दिसायला सगळा दगड काळाच, पण टायटॅनियम किती, बेरियम किती, स्ट्रॉन्शियमच्या दोन समस्थानिकांचं प्रमाण काय, यावरून थर वेगवेगळे ओळखू आले. खालून वर येताना लाव्हाने वाटेतल्या जुन्या खडकाचा किती अंश विरघळवून घेतला यावर हे प्रमाण बदलतं. दोन शेजारणींची आमटी दिसायला सारखीच, पण जिभेवर ठेवली की कुणाच्या घरची ते कळतं, तसंच.

१९८६ साली बीन, हूपर, सुब्बाराव आणि मंडळींनी ही मांडणी छापली. खालून वर नावं अशी लागतात: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. एसटीच्या कंट्रोलरने माईकवर पुकारल्यासारखी वाटते की नाही ही यादी? थरांमध्ये मधूनमधून मोठाल्या पांढुरक्या स्फटिकांचे लाव्हा सापडतात. त्यांचीही नावं आपल्याच मुलखातली, मंचर आणि गिरवली. गिरवली म्हणजे तीच, जिथल्या डोंगरावर पुण्याच्या आयुकाची दुर्बीण आहे. गंमत म्हणजे इंग्रजीत लिहिताना दुर्बीणवाले या नावात 'डब्ल्यू' घालतात आणि दगडवाले 'व्ही'. माणसाला काही फरक पडत नाही, पण संगणकाला ती दोन गावं वाटतात. भाच्याचे दोन दिवस अशा स्पेलिंगांची वर्गवारी करण्यात गेले.

ही नावं म्हणजे नुसती शोभा नव्हे. पॅरिसचा माणूस 'पोलादपूर' म्हणाला की बर्कलीच्या माणसाला नेमका कुठला थर ते कळतं, कारण नावामागे आकड्यांची एक ओळ उभी आहे. सगळ्यांना मान्य अशी पट्टी तयार झाली.

आणि ती अगदी वेळेवर तयार झाली. कारण १९८० साली लुई आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इरिडियमच्या थरावरून मांडलं होतं की डायनोसॉर नामशेष झाले ते आकाशातून आदळलेल्या प्रचंड दगडामुळे. १९८६ साली फ्रान्सच्या कूर्तियो यांच्या गटाने विचारलं, की बाबांनो, त्याच सुमाराला दख्खनमध्ये लाव्हाचा महापूर चालू होता, त्याचं काय? १९९१ साली मेक्सिकोतलं चिक्षुलुबचं विवर ओळखलं गेलं आणि आघातवाल्यांची बाजू भक्कम झाली. पण दख्खनचा प्रश्न संपला नाही. लाव्हा आघाताच्या आधी वाहिला, नंतर वाहिला, की आघाताने हादरून जास्त वाहायला लागला? उत्तर द्यायचं तर तारखा हव्यात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या, आणि त्याही काही हजार वर्षांच्या फरकाने अचूक!

इथे माझ्या धंद्याची गोष्ट सुरू होते.

चाकणला एकदा आमचा कास्टिंगचा एक लॉट गिऱ्हाइकाकडून परत आला. आमच्याकडे मोजला तर पास, त्यांच्याकडे मोजला तर नापास. आठ दिवस फोनवर तणातणी. शेवटी दोन्हीकडचे गेज एकाच मास्टरला लावून पाहिले तेव्हा उलगडा झाला. दोघांची मोजणी ठीक होती, दोघांचे मास्टर वेगळे होते. त्या दिवसापासून त्या गिऱ्हाइकाला रिपोर्टवर नुसतं 'ओके' चालत नाही. प्रत्येक नगाचं रीडिंग, गेजचा नंबर आणि कॅलिब्रेशनची तारीख लागते. आमचे ऑपरेटर वैतागतात, पण तेच बरोबर आहे.

दगडांचं वय काढताना अगदी हेच झालं. आर्गनच्या पद्धतीत दगडाचं वय थेट काढत नाहीत. ज्याचं वय ठाऊक आहे असं धरलेलं एक मानक खनिज बरोबर ठेवतात आणि त्याच्या तुलनेत मोजतात. थोडक्यात मास्टर पीस. १९९३ साली अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीतल्या वेंकटेशन, पांडे आणि गोपालन यांनी सह्याद्रीतल्या थरांची वयं काढून निबंधाच्या शीर्षकातच प्रश्न विचारला की दख्खनचा ज्वालामुखी क्रिटेशसच्या अखेरीआधीचा आहे का. पुढची बरीच वर्षं वेगवेगळ्या प्रयोगशाळांच्या तारखांवरून वाद झडत राहिले. त्यातला काही भाग दगडांचा होता आणि काही भाग चक्क मास्टरचा, म्हणजे मानक खनिजाला कुणी कोणतं वय धरलं याचा.

फार वापरलं जाणारं एक मानक अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या फिश कॅन्यनच्या ज्वालामुखी राखेतलं खनिज. त्याचं वय २.८०२ कोटी वर्षं धरत असत. २००८ साली क्वीपर आणि सहकाऱ्यांनी वेगळ्या मार्गाने पडताळून ते २.८२० कोटी ठरवलं. फरक शेकडा एकापेक्षाही कमी. पण साडेसहा कोटींना तो लावला की चार लाख वर्षांच्या वर जातो! दख्खनच्या लाव्हाचा मुख्य भाग वाहून जायला एकूण सात-आठ लाख वर्षं लागली असं आज मानतात. म्हणजे मास्टरमधली बारीकशी दुरुस्ती, आणि त्या सगळ्या घटनेच्या निम्म्याहून जास्त लांबीचा फरक. डायनोसॉर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपले असं आपण शाळेत शिकलो आणि आता सगळीकडे ६.६ कोटी लिहितात, त्यामागचं एक मोठं कारण हेच. डायनोसॉर जिथल्या तिथेच आहेत, पट्टी सरळ झाली.

आता जुन्या निबंधांचं काय? ज्यांनी मोजलेली गुणोत्तरं आणि मानकाचं गृहीत वय दोन्ही छापलं होतं, त्यांची वयं नव्या मानकाने पुन्हा काढता येतात. पाच मिनिटांचं गणित. ज्यांनी फक्त शेवटचं उत्तर छापलं, 'अमुक थर, इतकी वर्षं', त्यांचं सगळं काम, उन्हातान्हातली पायपीट, महागड्या यंत्रावरच्या रात्री, केवळ एका आकड्यात अडकून पडली. तो आकडा आज कशाशीही जुळवता येत नाही. माझ्या मते डेटा वाटणं म्हणजे काय हे यापेक्षा चांगलं कुठलं उदाहरण सांगणार नाही. उत्तरं सगळेच वाटतात. वाटायची असतात ती रीडिंगं, आणि बरोबर गेजचा नंबर.

दुसऱ्या पद्धतीवाल्यांनी तर मास्टरच वाटून टाकला. झिरकॉन नावाच्या बारीक स्फटिकात युरेनियमचं शिसं होत राहतं, त्यावरून वय काढतात. त्यात मोजणीच्या आधी एक द्रावण मिसळावं लागतं, ज्यातलं प्रमाण अगदी नेमकं ठाऊक असतं. ज्याने त्याने आपापलं द्रावण केलं की पुन्हा तेच, जेवढी गावं तेवढे शेर. म्हणून एमआयटीचे सॅम बाउरिंग आणि इतरांनी २००३ च्या सुमारास 'अर्थटाइम' नावाची मोहीम सुरू केली. एकच द्रावण तयार करायचं, काटेकोर तपासायचं आणि देशोदेशीच्या प्रयोगशाळांना वाटायचं. एकमेकांशी स्पर्धा करणारे लोक एकाच बाटलीतलं द्रावण वापरायला तयार झाले, हे मला कुठल्याही करारापेक्षा मोठं वाटतं. (आमच्या इंडस्ट्रियल बेल्टमध्ये दोन व्हेंडर एकाच मास्टरवर राजी होतील का, हा प्रश्न आपण सोडून देऊ. :-) )

आपल्या बेसॉल्टमध्ये झिरकॉन जवळजवळ नसतोच. मग प्रिन्स्टनच्या ब्लेअर शोनी यांच्या गटाने एक युक्ती केली. घाटाच्या कापात काळ्या दगडाच्या दोन जाड थरांमध्ये विटकरी तांबडा पट्टा आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. एक लाव्हा थंडावून त्यावर माती होईपर्यंत गेलेला मधला निवांत काळ म्हणजे तो पट्टा. त्या काळात कुठून तरी उडून आलेली ज्वालामुखी राख त्यात मिसळलेली असते, आणि राखेत झिरकॉन. हे स्फटिक इतके बारीक असतात की काही किलो माती धुऊन चाळून भिंगाखाली एकेक वेचावे लागतात. २०१५ साली या गटाने पहिल्या तारखा छापल्या. त्याच वर्षी बर्कलीच्या पॉल रेनी यांच्या गटाने आर्गनच्या तारखांवरून सांगितलं की आघात आणि लाव्हाचा बदललेला वेग यांत फार तर ५० हजार वर्षांचं अंतर असावं, म्हणजे आघाताच्या हादऱ्याने ज्वालामुखी चेकाळला असणं शक्य आहे.

२०१९ च्या फेब्रुवारीत 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन्ही गटांचे निबंध शेजारी शेजारी आले. प्रिन्स्टनवाले म्हणाले, लाव्हा चार मोठ्या उमाळ्यांत आला आणि त्यातला एक उमाळा प्राणी नामशेष होण्याच्या काही दशसहस्र वर्षं आधी सुरू झाला. बर्कलीकडून कोर्टनी स्प्रेन आणि सहकारी म्हणाले, लाव्हाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग त्या सीमारेषेनंतरचा आहे. पहिल्या निबंधावर अमरावतीच्या विद्यापीठातले एस. एफ. आर. खद्री यांचं नाव आहे, दुसऱ्यावर आयआयटी मुंबईचे कांचन पांडे यांचं. हो, १९९३ च्या अहमदाबादच्या निबंधातले तेच पांडे. आणि दोन्ही गट भांडत होते ते एकाच पट्टीवर: बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर.

वर्तमानपत्रांनी याची कुस्ती करून टाकली. कोण जिंकलं, दगड की ज्वालामुखी. पण खरी गोष्ट त्यानंतरची आहे, आणि ती फारशी कुठे छापून आली नाही. दोन्ही गटांनी निबंधाबरोबर सगळे आकडे उघडे ठेवले होते. २०२१ साली शोनी आणि सहकाऱ्यांनी समोरच्या गटाचे आर्गनचे आकडे घेतले, आपले झिरकॉनचे घेतले आणि दोन्ही एकाच गणिती पद्धतीतून काढले. दिसलं असं की एकूण कालावधीवर दोन्ही संचांचं छान जमतं. लाव्हाचा वेग बरोबर आघाताच्या क्षणी वाढला, असा जो अर्थ लोक आर्गनच्या आकड्यांतून काढत होते, तो त्या आकड्यांतून ठामपणे निघत नाही. आणि चार उमाळे त्यात दिसत नाहीत याचं कारण उमाळे नव्हतेच असं नसून, तेवढं बारीक दिसण्याइतकी ती मोजणी काटेकोर नाही. आता, हे गणित एका पक्षानेच केलं, हे खरंच. मलाही वाचताना ते खटकलं. पण ज्या नियतकालिकात ते आलं तिथे परीक्षकांची मतं आणि लेखकांची उत्तरंही सगळ्यांना वाचता येतात, आणि आकडे तर आहेतच. ज्याला पटत नाही त्याने स्वतः करून पाहावं. 'दोघांचे रिपोर्ट वेगळे' इथून 'दोघांची रीडिंगं एका टेबलावर' इथपर्यंत यायला आम्हाला आठ दिवस लागले होते, यांना दोन वर्षं. साडेसहा कोटींच्या मानाने ठीक आहे.

२०२३ साली तर अलेक्झांडर कॉक्स आणि ब्रेनिन केलर या दोघांनी एकही दगड न फोडता निबंध लिहिला. समुद्रतळाच्या गाळातल्या सूक्ष्म कवचांचे इतरांनी छापलेले आकडे घेऊन त्यांनी शंभरावर प्रोसेसरांना एकदम कामाला लावलं. ज्वालामुखी की आघात हे आधी न सांगता, हवेत किती वायू गेले असावेत ते उलट्या दिशेने शोधायला लावलं. उत्तर दख्खनच्या बाजूला झुकणारं आलं. ते अखेरचं आहे असं मला मुळीच वाटत नाही. पण जगातल्या कित्येक जहाजांनी गेल्या अर्धशतकात समुद्रातून काढलेला गाळ कुणाच्या कपाटात बंद असता, तर हा प्रश्न असा विचारताच आला नसता.

आता आपल्या घरचं बोलू. दगड आपले आणि यंत्रं त्यांची, ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. भाच्याचे मित्र तर तावातावाने बोलतात. ती अगदीच खोटी नाही. इतक्या काटेकोर तारखा काढणाऱ्या प्रयोगशाळा बाहेर आहेत, आणि पहिलं नाव बहुधा यंत्र ज्याचं त्याचं लागतं. पण माझा अनुभव सांगतो की आकडे घराबाहेर जातात याचं दुःख करण्यापेक्षा आपले आकडे घरातही सापडत नाहीत, याचं जास्त करावं. आपल्याकडे साधा नकाशासुद्धा बरीच वर्षं सरकारी परवानगीचा विषय होता. २००५ च्या नकाशा धोरणाने संरक्षण खात्यासाठी एक आणि सर्वांसाठी एक, अशा दोन मालिका केल्या. २०२१ च्या १५ फेब्रुवारीच्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय माणसाला आणि संस्थेला नकाशे करायला, वापरायला पूर्वपरवानगी लागण्याची अट मोठ्या प्रमाणात काढून टाकली. जिऑलॉजिकल सर्व्हेने 'भूकोश' वर भूशास्त्रीय नकाशे संकेतस्थळावर आणले, आणि १९ डिसेंबर २०२३ ला राष्ट्रीय भूविज्ञान डेटा भांडार सुरू झालं. त्यात खनिजांच्या शोधाचा, लिलावाचा हेतू मोठा आहे. असू दे. दार उघडलं तर आत सगळेच जातात.

तिकडे 'जिओरॉक' नावाचं कोठार जर्मनीत माइन्झच्या माक्स प्लांक संस्थेत वाढलं आणि २०२१ पासून गॉटिंगेन विद्यापीठाकडे आहे. जगभरच्या छापील निबंधांतले दगडांचे रासायनिक आकडे टिपून ते एका तक्त्यात बसवतात. दख्खन निवडलं की सह्याद्री ओळीओळीने समोर येतो. पण तिथे तेच जातं जे कुठेतरी छापलेलं आहे. आपल्या विद्यापीठांत दर वर्षी मुलं प्रबंधांसाठी दगड तपासतात. त्यातले किती आकडे बांधलेल्या प्रबंधाच्या शेवटच्या परिशिष्टात राहून जातात हे प्रबंधांच्या कपाटापुढे उभं राहिलेल्या कुणालाही सांगता येईल. भाच्याला एका ठिकाणी असा जुना प्रबंध पाहायला मिळाला. आकडे होते, थरांची नावं होती. नमुना नेमका कुठला, तर 'घाटातला तिसरा वळणाचा दगड'. रस्ता रुंद झाला, वळण गेलं.

वळणंच जात आहेत, ही आमच्या पट्ट्यातली खरी अडचण. चाकण वाढतंय, नाशिक रस्ता वाढतोय, आणि त्या सगळ्याला खडी लागते. खडी म्हणजे हाच बेसॉल्ट. क्रशरवाल्याला भीमाशंकर शैलसमूह आणि खंडाळा शैलसमूह यांत फरक करायचं काही कारण नाही, आणि मी रोज त्याच खडीच्या रस्त्याने कामावर जातो, तेव्हा त्याला नावं ठेवणार नाही. शिवाय खाणीमुळे आणि रस्त्याच्या नव्या कापामुळेच ताजा दगड उघडा पडतो. सुब्बाराव-हूपर मंडळींनी नमुने घेतले तेही घाटरस्त्यांच्या कडेनेच. फक्त उघडा पडलेला दगड मोजून, कुठे होता ते लिहून ठेवायला मिळणारा वेळ आता थोडा असतो.

भाचा पुढच्या उन्हाळ्यात आमच्या बाजूच्या डोंगरात काम करणार आहे. त्याने वहीत रकाने आखलेत ते मला दाखवले. अक्षांश, रेखांश, समुद्रसपाटीपासून उंची, थर, फोटोचा नंबर, गावाचं नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये एकाच ठरलेल्या स्पेलिंगने. शेवटी मी एक रकाना वाढवायला लावला: मानक कोणतं.